अप्पांना पाठवलेले किल्ले

अप्पा गेले तेव्हा मी इंग्लंडात यॉर्क नावाच्या जुन्या गावाच्या तटावरून चालत होते आणि माझ्या हातात आइस्क्रीम होतं. हे मला कळलं दोह्यात परत आल्यावर. त्या ट्रिपभर मी अप्पांना किल्ल्यांचे फोटो पाठवत होते आणि अप्पांच्या नंबरवरून मला उत्तरं येत होती. 'छान.' 'वा.' 'पाणी कुठे होतं?' वडील गेल्यावरही त्यांच्या फोनवरून माझा सख्खा भाऊ मला उत्तरं लिहीत होता. या गोष्टीला आता वर्ष होत आलं, तरी आठवलं की माझं डोकं फिरतं.

अप्पा साताऱ्याचे. जिल्हा परिषदेत कारकुनी केली आणि उरलेला सगळा जीव किल्ल्यांवर ओवाळून टाकला. रविवार उजाडला की पाठीवर पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट आणि मागे आम्ही दोघं भावंडं. दादा अर्ध्या वाटेत रडायचा, मी नाही रडायचे. गडावर पोचलं की लोक आधी बुरूज बघतात, फोटो काढतात. अप्पा तसं करू द्यायचे नाहीत. "आधी पाणी दाखव," म्हणायचे. टाकं कुठे, त्यात पाणी कुठून येतं, किती माणसांना पुरेल, वेढा पडला तर कधीपर्यंत तग धरेल, हे सांगितल्याशिवाय डबा उघडायचा नाही. मी पाणी पटकन हुडकायचे म्हणून त्यांची लाडकी. दादाला त्याचा राग यायचा, आणि तो त्याने कधी लपवला नाही.

अप्पांचा इंग्रजांवर एक जुना दात होता. राज्य घेतल्यावर त्यांनी आपल्या गडांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या, पायऱ्या तोडल्या, दरवाजे पाडले. तुटलेल्या पायऱ्यांवरून चढताना अप्पा दर वेळी पुटपुटायचे, "आमचे फोडून गेले आणि स्वतःचे मात्र जपून ठेवले असतील लेकाच्यांनी. एकदा बघायला पाहिजेत." आई म्हणायची, "जा की मग, कुणी अडवलंय? येताना कोथिंबीर घेऊन या." घरात हसू व्हायचं. पण ते मनापासून म्हणायचे, हे मला माहीत होतं.

आम्ही दोह्यात अल नस्रला राहतो. नवरा एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंगला, मी दुसऱ्या एका ऑफिसात अकाउंट्सला, आणि आमची मुलगी इंग्लिश शाळेत. तिच्याशी मराठीत बोलावं तर ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. अप्पा एका हिवाळ्यात आले होते. त्यांना आम्ही उत्तरेला वाळवंटातला किल्ला दाखवायला नेलं. चार कोपऱ्यांत चार बुरूज, आजूबाजूला सपाट माळ. अप्पा आत गेले, चौकातल्या विहिरीत डोकावले आणि बाहेर येऊन म्हणाले, "पाणी आहे. पण हा किल्ला नव्हे बाळ, ही चौकी आहे. चढ कुठाय?" चढ नसलेल्या देशात माणसं कशी राहतात, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या हृदयाने दगा द्यायला सुरुवात केली. पायावर सूज, जिना चढताना धाप. डॉक्टर म्हणाले, पंपिंग कमी झालंय, औषधांवर चालेल. जुलैत इथं ऑफिसं अर्धी रिकामी होतात, आम्हालाही तेव्हाच एकदा रजा मिळते. ब्रिटनचा व्हिसा आधीच आलेला होता. मी अप्पांना फोन करून सांगितलं, "ट्रिप रद्द करते. साताऱ्याला येते."

"कशाला? माझं तोंड बघायला? ते काय पळून चाललंय का?"

"अप्पा, उगीच हट्ट नको. तब्येत आधी."

"हट्ट तू करतीयेस. जा. ते किल्ले बघ आणि मला एकेक नीट सांग. नुसते फोटो नकोत, बोलून सांग. पाणी कुठं, वाट कशी, दरवाजा कुठल्या अंगाला. मी इथं पडल्या पडल्या फिरतो तुझ्याबरोबर. आणि दिवाळीत ये, म्हणजे पुरतं येऊन राहा."

मी दादाला वेगळा फोन केला. तो साताऱ्यात, त्याच घरात राहतो. मी म्हटलं, "दादा, खरं सांग. जाऊ का?" तो म्हणाला, "बिनधास्त जा. काही झालं तर कळवतो की लगेच." हे त्याचे शब्द. लगेच कळवतो, असं तो म्हणाला होता.

मग आम्ही गेलो. पहिला मोठा किल्ला वेल्समधला, कॉनवीचा. नदीच्या मुखाशी, पाण्याला लागून. आठ मोठे गोल बुरूज आणि किल्ल्याला चिकटून अख्ख्या गावाभोवती तट, अजून उभा. त्या तटावरून चालत जाता येतं, आणि खाली लोकांच्या परसदारी कपडे वाळत घातलेले दिसतात. मी वाऱ्यात उभी राहून अप्पांना बोलून सगळं पाठवलं. आत खोल विहीर आहे हे सांगितलं. इंग्रज राजाने हा किल्ला वेल्सच्या लोकांना दाबायला बांधला, तटाच्या आतल्या गावात इंग्लंडहून माणसं आणून बसवली आणि इथल्या मूळ लोकांना तिथं राहायची बंदी होती, हेही सांगितलं. आणि तटाच्या एका अंगाला ओळीने दगडी संडास बाहेर काढलेत, खाली सरळ उघडे, त्याचाही फोटो पाठवला.

अप्पांचा आवाज आला. हसत होते आणि खोकत होते. "म्हणजे हे आधी घरच्याच शेजाऱ्यावर शिकले आणि मग आपल्याकडे आले, होय रे लबाडांनो! उपरे आत आणि गाववाले बाहेर. आणि संडास बाकी झकास. तुझ्या आईला दाखवला, ती म्हणते जेवताना असले फोटो दाखवू नका. उद्याचा कुठला किल्ला?"

तो आवाज मी अजून ऐकते. त्यानंतर त्यांचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कार्नारव्हनला गेलो. तिथले बुरूज गोल नाहीत, कोनाकोनाचे आहेत, आणि भिंतीत गडद दगडांचे पट्टे घातलेत. मी पुन्हा बोलून पाठवलं. संध्याकाळी उत्तर आलं, लिहिलेलं. 'छान. पाणी कुठे होतं?' अप्पा कधी लिहीत नसत. बटणं बारीक आहेत म्हणून वैतागायचे. मी दादाला विचारलं, तर म्हणाला, "घसा बसलाय. जास्त बोलू नका म्हणालेत डॉक्टर. मीच शिकवलं टाइप करायला." मी नवऱ्याला कौतुकाने म्हटलं, बघ, ह्या वयात शिकले! किती बावळट असावं माणसानं? माझ्या तर डोळ्यांवर पट्टीच बांधलेली होती.

त्याच सकाळी अप्पांना दवाखान्यात नेलं होतं. तिथं डॉक्टरांनी सांगितलं, आता फार काही हातात नाही, घरी न्या. घरी आणलं. आणि दादाने ठरवलं की मला कळवायचं नाही.

हे ठरवणं काही एकट्या दादाचं नाही, आमच्याकडची ही रीतच आहे. आखातात असलेल्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही. इतक्या लांब आहे, बिचाऱ्याला झोप लागणार नाही, रजा मिळणार नाही, परीक्षा होऊ दे, सण होऊ दे. इथं ज्याला विचाराल त्याच्याकडे असा एक किस्सा आहे. नवऱ्याच्या साईटवरचा एक फिटर बिरकत अल अवामेरच्या कामगार-कॅम्पात राहायचा, त्याची आई गेल्याचं त्याला ईद झाल्यावर सांगितलं. तोवर तो रोज आईच्या औषधाची विचारपूस करत होता. आम्ही तेव्हा चुकचुकलो होतो. सगळे प्रेमापोटी करतात, हे खरंच आहे. पण त्या प्रेमाला माझा आता लांबून नमस्कार.

यॉर्कला गेलो तो दिवस सुरेख होता. गाव तटाच्या आत, गल्ल्या इतक्या अरुंद की वरच्या मजल्यांची घरं पुढं झुकून एकमेकांना टेकायला आलेली. तटावरून चालताना मुलीने आइस्क्रीम मागितलं, मी पण घेतलं. वाटेत हिरव्या टेकाडावर एकच बुरूज उभा आहे. तिथली पाटी मी थांबून वाचली. फार पूर्वी गावातली ज्यू माणसं बायकापोरांसह जीव वाचवायला तिथं आत शिरली, बाहेर शहरातलाच जमाव त्यांच्या जिवावर उठलेला, आणि बाहेर पडायला वाट नव्हती. बहुतेकांनी आतच आपला शेवट करून घेतला. जे उरले ते बाहेर आल्यावर मारले गेले. मुलगी म्हणाली, "मम्मा, वाय डिडंट समवन हेल्प देम?" मी तिचं आइस्क्रीमने माखलेलं तोंड पुसलं. अप्पांना मी त्या बुरुजाबद्दल काही पाठवलं नाही. आजारी माणसाला कशाला असलं ऐकवायचं, असं मनाशी म्हटलं आणि नुसत्या गल्ल्यांचे फोटो पाठवले. संध्याकाळी तिथल्या मोठ्या चर्चमध्ये गेलो. माझा काही देवाधर्मावर फार भरवसा नाही, पण अप्पांना बरं वाटू दे म्हणून एक मेणबत्ती लावली. तेव्हा साताऱ्यात त्यांना नेण्याची तयारी चालली होती. चर्चमधून बाहेर पडून मी मासे खाल्ले, तळलेले, बटाट्याबरोबर.

रात्री उत्तर आलं. 'गल्ल्या छान.'

मग एडिंबरा. तिथला किल्ला मात्र अप्पांच्या पसंतीचा. काळ्या कातळावर, तीन बाजूंनी कडा आणि एकाच बाजूने वाट. आपला एखादा गड उचलून शहराच्या मधोमध ठेवावा तसा. आणि पाण्याची गोष्ट तर अशी की मी उड्या मारल्या. वेढ्यात तोफांच्या माऱ्याने भिंती ढासळून विहीर बुजली, आत पाणी मिळेना, आणि एवढा मोठा किल्ला हातचा गेला. अप्पांचं आयुष्यभराचं म्हणणं तिथं दगडात लिहिल्यासारखं उभं होतं. मी धापा टाकत बोलले, "अप्पा, तुम्ही बरोबर होतात! पाण्यानेच पडला! ऐकताय ना?" केवढं लांबलचक बोलले मी. शेजारून जाणारी माणसं वळून बघत होती.

उत्तराला वेळ लागला. मग आलं, 'वा. शाबास.'

शाबास! त्या एका शब्दावर मी दिवसभर खूश होते. अप्पांना जाऊन तेव्हा तीन दिवस झाले होते.

दोह्यात उतरलो ती दुपार होती. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं की तोंडावर वाफ येते, चष्म्यावर धुकं बसतं. घरी येऊन एसी लावला, बॅगा तशाच पडलेल्या, मुलगी सोफ्यावर आडवी. तेवढ्यात बेल वाजली. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर रत्नागिरीचे एक चाचा राहतात, वय सत्तरीला आलेलं, उभं आयुष्य इथं जहाजांच्या सामानाच्या दुकानात गेलं. ते आणि चाची दारात होते. नेहमी चाची काही ना काही डब्यात घेऊन येतात. त्या दिवशी हात रिकामे होते. मी म्हटलं, "या या, आत्ता आलो बघा, चहा टाकते." चाचा म्हणाले, "चाय नको. बस, बाय."

मी बसले नाही. चाचांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं मान खाली घातली. म्हणजे त्यालाही सांगितलेलं होतं! विमानतळावर, सामान यायची वाट बघताना, त्याला दादाचा फोन आला होता आणि मी विचारल्यावर तो "ऑफिसचा" म्हणाला होता.

"तुझ्या भावान फोन केलान," चाचा म्हणाले. "घरी पोचल्याबिगर तिला सांगू नका म्हणलान. तुझे वडील गेले गो बाय. शनवारी गेले."

चाचींनी मला धरलं. मी त्यांना ढकललं की काय केलं, आठवत नाही. मी एवढंच म्हणत होते की नाही, त्यांचे मेसेज आहेत, थांबा, दाखवते, आणि फोन उघडून त्या दोघांच्या तोंडापुढे धरत होते. 'वा. शाबास.' चाचांनी फोन हळूच माझ्या हातातून काढून घेतला आणि उपडा ठेवला. म्हणाले, "माका पण असाच सांगितला होता, माझा बाप गेला तेव्हा. चाळीस दिवस झाल्यावर." आणि ते स्वतःच रडायला लागले. इतक्या वर्षांपूर्वीचं ते रडणं माझ्या घरात येऊन झालं.

दादाला मी त्याच संध्याकाळी फोन केला. काय काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही.

"तू त्यांच्या नावानं लिहीत होतास? लाज नाही वाटली?"

"तू सारखी विचारत होतीस. उत्तर नाही दिलं असतं तर तुला संशय आला असता."

"यायलाच पाहिजे होता! मी आले असते. रात्रीत आले असते!"

"कशी आली असतीस? पोर बरोबर, परका देश, रडत रडत विमानं बदलत? आणि येऊन काय केलं असतंस? तू काय डॉक्टर आहेस का? मी होतो इथं. हगणं-मुतणं मी काढलंय त्यांचं, कळलं? तू किल्ले बघत होतीस."

"तू 'जा' म्हणालास म्हणून बघत होते!"

तो म्हणाला, "तुझा आनंद घालवायचा नव्हता गं," आणि त्याचा आवाज चिरकला. तो खोटं बोलत नव्हता, हे मला कळत होतं. त्यामुळे राग कमी झाला असता तर बरं झालं असतं. मी फोन आपटला.

विमानाचं तिकीट दुसऱ्या दिवशी सकाळचं मिळालं. ऑफिसात साहेबांना फोन केला, ते म्हणाले, "जाऊन या, पण महिनाअखेर आहे, इन्शाल्ला लवकर या." मी बॅगेतून थंडीचे कपडे काढत होते आणि पांढरी साडी शोधत होते. एसीचा गारवा सोसत नव्हता आणि बंद केला की जीव घुसमटत होता. नवरा दारात येऊन उभा राहायचा आणि परत जायचा. त्याच्याशीही मी बोलत नव्हते.

मग आईचा फोन आला. ती शांत होती, आपली माणसं कार्याच्या धावपळीत असतात तशी. माझं रडणं ऐकून घेतलं आणि मला समजवायला लागली.

"असं करू नकोस. तुझ्याबद्दल काही मनात ठेवून नाही गेले ते. समाधानात गेले. तू येतीयेस म्हणून किती खूश होते."

मी म्हटलं, "मी कुठं येत होते?"

"अगं, आम्ही सांगितलं होतं ना तसं. दवाखान्यातून आणलं आणि तुझं नाव काढलं त्यांनी. ती कुठाय, म्हणाले. दादा म्हणाला, निघालीय, वाटेत आहे. तर चेहरा असा खुलला म्हणतेस! सारखं विचारायचे, कुठवर आली? दादा सांगायचा, मुंबईला उतरली, आता पुण्यात आली, आता खंबाटकी घाट चढतेय. तेवढाच त्यांना धीर."

मी विचारलं, "आणि फोटो? मी सांगितलेले किल्ले? ते ऐकले का त्यांनी?"

"कॉनवी का कुठला तो, तो ऐकला. पुढचे कसे ऐकवणार बाळा? तू वाटेत होतीस ना. दादानं त्यांचा फोन बंद करून कपाटात ठेवला होता, संध्याकाळी बाहेर जाऊन बघायचा." आई मला बरं वाटावं म्हणून बोलत होती, तिला थांबवणं मला जमलं नाही. "घाट चढतेय म्हटल्यावर तर उठून बसवा म्हणाले. दाढी करवून घेतली दादाकडून. मी पेज घेऊन गेले, तर वाटी बाजूला सारली. म्हटलं, अहो दोन घोट तरी घ्या, सकाळपासून पोटात काही नाही. तर म्हणाले, पोरगी उपाशी येईल एवढ्या लांबून, ती आली की बरोबरच बसतो. मग काही घेतलंच नाही बघ त्यांनी."